डिस्ट्रिब्युटरमध्ये पुन्हा पुन्हा ओल का धरते आणि ती कशी थांबवायची

रात्रभर पाऊस झाला की सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पेट्रोल येतं, पण इंजिन पकडत नाही. पकडलंच तर एखाद-दोन सिलिंडर मिसिंग मारतात, गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर दाबला की सायलेन्सरमधून फटका निघतो. मग बॉनेट उघडून अर्धा तास ठेवलं किंवा ऊन वर आलं, की जणू काही झालंच नव्हतं अशी चालायला लागते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं असतं. मेकॅनिक दोनदा रेस देतो, कान लावून ऐकतो आणि म्हणतो, "साहेब, हिला काही झालेलं नाही." पुढच्या दमट सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे वर्णन तुमच्या गाडीला लागू पडत असेल आणि गाडीला जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा डबा) असेल, म्हणजे एकाच काळ्या किंवा तपकिरी कॅपमधून प्रत्येक प्लगकडे जाड वायर जात असेल, तर पुढचं वाचा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांना हा डबाच नसतो, त्यामुळे हा त्रासही नसतो.

मी स्वतः जवळपास दोन वर्षं हे भोगलं. त्यात तीन कॅप गेल्या, आणि त्यातली एक तर मी माझ्याच हाताने घालवली. तेव्हा कळलं ते असं, की कॅप पुसल्यावर गाडी सुरू होते म्हणून आपण पुसण्यालाच दुरुस्ती समजतो आणि तिथेच थांबतो. खरे प्रश्न दोन आहेत. ओल आत येते कुठून? आणि आत आलेली ओल बाहेर का पडत नाही? पहिल्याकडे सगळे बघतात. दुसऱ्याकडे कोणी बघत नाही, उलट तो आणखी बिघडवून ठेवतात.

आत काय चालतं

बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून १५ ते २५ हजार व्होल्टपर्यंत जातात. हा करंट कॅपच्या मधल्या टोकातून येतो, स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या कार्बनच्या कांडीतून फिरत्या रोटरवर उतरतो आणि रोटरच्या टोकावरून कॅपच्या कडेच्या टर्मिनलवर उडी मारतो. इथे 'उडी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण रोटर टर्मिनलला टेकत नाही. मध्ये बारीकशी फट असते. म्हणजे प्रत्येक वेळी दोन ठिणग्या पडतात, एक प्लगवर आणि एक या डब्यात. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला १०० वेळा हे घडतं.

आता या डब्यात ओल आली असं धरा. निव्वळ शुद्ध पाण्यातून करंट फारसा वाहत नाही. पण कॅपच्या आत शुद्ध काही नसतं. कार्बनच्या कांडीची झीज होऊन पडलेली काळी भुकटी, टर्मिनलचे धातूचे कण आणि रस्त्यावरची धूळ यांचा एक थर आतून सगळीकडे बसलेला असतो. कोरडा असताना तो फार त्रास देत नाही. त्यावर ओल पडली की त्याची पेस्ट होते, आणि ती पेस्ट करंटला वाट देते. करंट आळशी असतो. प्लगच्या फटीतून, तेही सिलिंडरमधल्या दाबाविरुद्ध, उडी मारण्यापेक्षा ओल्या भिंतीवरून शेजारच्या टर्मिनलवर किंवा खालच्या धातूच्या बॉडीवर उतरणं त्याला सोपं जातं.

सकाळीच हे का होतं, त्याचंही उत्तर इथेच आहे. थंड इंजिन फिरवताना सेल्फ इतका करंट ओढतो की बॅटरीचे १२ व्होल्ट खाली येऊन नऊ-दहावर टेकतात. कॉइलला मुळातच कमी मिळतं, त्यामुळे ठिणगी आधीच अशक्त असते. त्यात ओल. इंजिन एकदा तापलं की कॅप सुकते, बॅटरीही सावरते आणि पुरावा नाहीसा होतो. मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर खरंच काही झालेलं नसतं.

मी स्वतः घालवलेली कॅप

पहिली कॅप बदलल्यावर दोन महिन्यांत पुन्हा तोच त्रास सुरू झाला. मला वाटलं, पाणी आत जातंय ना, मग वाटच बंद करू. सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणली आणि कॅपच्या बुडाला सगळीकडून गोल थर दिला. कॅपच्या बाजूला एक छोटं भोक होतं, त्याला आतून जाळीही होती. मला वाटलं हा कारखान्यातला काहीतरी दोष असणार, म्हणून तेही भरून टाकलं. काम झाल्यावर स्वतःवरच खूष होतो.

पाच-सहा आठवड्यांनी गाडी अशी बिघडली की कोरड्या दुपारीसुद्धा मिसिंग जाईना. सीलंट ब्लेडने कापून कॅप उघडली तर आतली चारही टर्मिनल पांढरट हिरव्या भुकटीने माखलेली, रोटरचं टोक खरवडल्यासारखं, आणि आतून एक उग्र वास. पाणी? थेंबभरही दिसलं नाही. बाहेरचं पाणी अडवलं होतं हे खरं, पण आतल्या आत दुसरंच काहीतरी शिजत होतं.

हवेत ठिणगी पडली की ओझोन तयार होतो. छोट्या मोटारीजवळ किंवा वेल्डिंगजवळ येणारा तो तिखट वास हाच. त्याबरोबर हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आणि त्यांना थोडीशी जरी ओल मिळाली की नायट्रिक ॲसिड बनतं. प्रमाण अगदी थोडं असतं, पण सेकंदाला शंभर ठिणग्या आणि बंद डबा असेल तर ते साठत जातं. ते भोक याचसाठी होतं. आतली हवा बाहेर जावी, नवी हवा आत यावी. मी डब्याचं नाक दाबलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट: कॅपला किंवा खालच्या बॉडीला हवेचं भोक आहे का ते शोधा. काही गाड्यांत ते कॅपवर असतं, काहींत बॉडीच्या बुडाशी पाणी निथळायला ठेवलेल्या भोकातूनच हवा येते-जाते. आधीच्या मालकाने, मेकॅनिकने किंवा तुम्हीच ते ग्रीसने, सीलंटने, चिखलाने बुजवलं असेल तर मोकळं करा. जाळी असेल तर ती तशीच राहू द्या, फेकू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली की आधी हे भोक तपासा. बाहेरून पाणी शिरलेलं असेल तर ओलसर चिकट काळा थर दिसतो, आणि हवा कोंडलेली असेल तर कोरडी भुकटी. दोन्ही एकत्रही दिसू शकतं. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर ही भुकटी पितळेच्या मानाने लवकर धरते, म्हणून नवी कॅप घेताना पितळी टर्मिनलची मिळत असेल तर तीच घ्या.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवातूनच शिकावं लागलं आहे. १९९२ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये एलटी-वन इंजिन आलं, त्याचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, वॉटर पंपाच्या मागे खाली बसवला होता. आत प्रकाशावर चालणारा सेन्सर. ओल साठून तो बिघडायचा, आणि वॉटर पंप गळायला लागला की मग विचारायलाच नको. पुढच्या वर्षांतल्या सुधारित नमुन्याला नळ्या जोडल्या आणि इनटेकच्या व्हॅक्यूमने आतली हवा सतत ओढून काढायची सोय केली. म्हणजे आणखी घट्ट बंद करण्याऐवजी त्याला श्वास घ्यायला लावला.

आधी खात्री करा

मिसिंग म्हणजे डिस्ट्रिब्युटरच, असं नसतं. सगळ्यात स्वस्त तपासणी रात्रीची. गाडी उघड्यावर अंधारात उभी करा, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढून चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि दिवे बंद करा. दोन मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग फवारणीच्या बाटलीतून कॅपवर आणि वायरींवर अगदी बारीक तुषार सोडा. पाण्याची धार मारू नका. करंट बाहेर गळत असेल तर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि 'टिक टिक' आवाज येतो. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा तीन नंबरच्या वायरीचं बूट (टोकाची रबरी टोपी) आणि कॅप यांच्यामधून जांभळट रेघ उमटत होती, दर सेकंदाला दहा-बारा वेळा. दिवसा तिथे बघायला काहीही नव्हतं.

या वेळी हात लांब ठेवा. पंख्यापासून तर ठेवाच, पण वायरींपासूनही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका पॉइंटवाल्या, म्हणजे कॉइलचा करंट उघड-बंद होणाऱ्या धातूच्या दोन तोंडांनी तोडणाऱ्या, जुन्या गाडीपेक्षा बराच जोरकस असतो. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये.

बाहेर काही दिसलं नाही तर गळती आत आहे. इंजिन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर लिहून चिकटपट्टी लावा आणि मोबाइलने फोटोही काढा. हा सल्ला सगळे देतात आणि घाईत सगळेच विसरतात. मग दोन वायरींची अदलाबदल होते आणि ओलीचा त्रास होता त्याच्या जागी गाडी अजिबातच न चालण्याचा त्रास उभा राहतो. शक्य असेल तर वायरी कॅपला तशाच राहू द्या आणि क्लिपा किंवा स्क्रू काढून फक्त कॅप उचला.

कॅप उजेडात तिरकी धरून बघा. शोधायचंय ते असं: एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत किंवा खाली कडेपर्यंत गेलेली, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. कधी सरळ, कधी झाडाच्या मुळांसारखी फुटलेली. याला कार्बन ट्रॅक म्हणतात. बोटाने पुसून गेली तर ती साधी घाण. पुसून गेली नाही तर तो भाग जळून स्वतःच कार्बन झालेला आहे, आणि कार्बन करंट वाहून नेतो. अशी कॅप कितीही सुकवा, पहिल्या दमट दिवशी करंट त्याच वाटेने जाणार. पूर्वी लोक ती रेघ खरवडून त्यावर नेलपॉलिशचा थर देत. घरी पोचण्यापुरतं ते चालतं, त्यापुढे भरवसा ठेवू नका. रोटरही असाच पाहा, विशेषतः त्याच्या खालच्या बाजूला, कारण तिथून करंट सरळ शाफ्टमध्ये उतरतो. कॉइलच्या तोंडावरही हीच रेघ उमटते, आणि ती बघायचं जवळपास कोणालाच सुचत नाही.

एक गैरसमज इथेच काढतो. मल्टिमीटरने दोन टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स मोजून "कॅप चांगली आहे" असं ठरवू नका. मीटर काही व्होल्टवर मोजतो, कॅपवर येतात वीस हजार. मीटरला अभंग वाटणारी भिंत वीस हजार व्होल्टला आरपार असू शकते. डोळे आणि अंधार यांवर जास्त भरवसा ठेवा.

पाणी येतंय कुठून

माझ्या गाडीत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या बाजूला, केबिनच्या पत्र्याजवळ आहे. मी महिनोन् महिने समोरच्या जाळीला आणि खालून उडणाऱ्या पाण्याला दोष देत होतो. शेवटी एका कोरड्या दिवशी बॉनेट उघडं ठेवून पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खालच्या पन्हाळीत मगाने पाणी ओतलं आणि टॉर्च घेऊन वाकून बसलो. दोन मग झाले, काही नाही. तिसऱ्याला पन्हाळीच्या कोपऱ्यातून एक थेंब सुटला, कॉइलच्या जाड वायरीवर पडला आणि त्या वायरीवरून घसरत घसरत कॅपच्या मधल्या टोकापाशी येऊन थांबला. मग त्याच्यामागून दुसरा. पन्हाळीचं निचऱ्याचं भोक पाचोळ्याने गच्च भरलं होतं. गटार तुंबल्यासारखं पाणी कडेवरून सांडत होतं, आणि वायर त्याला थेट कॅपपर्यंत पोचवत होती.

पाचोळा काढायला दहा मिनिटं लागली. दोन वर्षांचा त्रास मुळात तिथे होता.

तेव्हा वायरींची ठेवण बघा. वरून खाली उतरत सरळ कॅपमध्ये घुसणारी वायर म्हणजे पन्हाळच. वायर आधी कॅपच्या तोंडापेक्षा थोडी खाली झुकून मग वर चढेल अशी बसवली, तर पाणी त्या झोळातल्या सगळ्यात खालच्या जागी टपकून जातं. घराबाहेरून येणाऱ्या विजेच्या तारेला इलेक्ट्रिशियन असाच झोळ देतो. फक्त तो झोळ गरम एक्झॉस्टला किंवा पंख्याला लागणार नाही एवढं बघा.

बाकीच्या वाटा पटकन सांगतो. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरपट्टी कडक होऊन तुटलेली असते. इंजिनाखालचा प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा पडदा एखाद्या सर्व्हिसिंगमध्ये काढलेला असतो आणि परत बसवलेलाच नसतो, मग डबक्यातलं पाणी थेट वर उडतं. रेडिएटरच्या होजला केसाएवढी चीर पडली की गरम वाफ कॅपवर बसते. हे जास्त वाईट, कारण कूलंट सुकल्यावर चिकट थर मागे राहतो, तो धूळ धरतो आणि पुन्हा ओल धरतो. कॅपवर गोडसर वासाचा चिकटपणा आढळला तर पावसाला दोष देऊ नका.

आणि इंजिन धुणं. प्रेशरच्या पाण्याने गरम इंजिन धुतलं की कॅपच्या आतली गरम हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. कॅपच्या सांध्यावर थेंब बसलेला असेल तर हवेबरोबर तोही आत. थंड पाण्याने गरम कॅपला बारीक तडाही जाऊ शकतो, आणि असा तडा डोळ्याला सहज दिसत नाही. धुवायचंच असेल तर इंजिन थंड असताना, डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून, आणि काम झाल्याबरोबर पिशवी काढून. काही जण ती पिशवी तशीच ठेवून गाडी चालवतात. पुन्हा तीच नाक दाबायची गोष्ट.

पाण्यासमोर उघड्या पडलेल्या डिस्ट्रिब्युटरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिसची १९५९ मधली मिनी. इंजिन आडवं बसवलं आणि डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीच्या अगदी मागे आला. समोरून येणारा पाऊस सरळ त्यावर. मिनीवाल्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: रबरी हातमोजा. चार बोटांची टोकं कापून त्यातून चार प्लगच्या वायरी, अंगठ्यातून कॉइलची वायर, आणि तळवा कॅपवर ओढून घ्यायचा. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला बरोबर पाचच वायरी असतात, जणू हातमोजा त्यासाठीच शिवला होता. मोज्याचं मनगट खाली उघडं राहतं, त्यामुळे खालून हवा मिळत राहते. ज्यांचा डिस्ट्रिब्युटर जाळीमागे आहे त्यांनी असं काही किंवा मध्ये एक पातळ रबरी पडदा जरूर लावावा, पण बुडाशी चिकटपट्टी गुंडाळू नये.

खालून येणारं तेल

पाणी वरून येतं, तेल खालून. कॅप उघडल्यावर आत तेलकटपणा दिसला तर पाण्याच्या वाटा बंद करून तो जाणार नाही. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट इंजिनात उतरलेला असतो. शाफ्टभोवतीचं ऑइल सील किंवा बॉडीच्या बाहेरची ओ-रिंग (गोल रबरी कडं) म्हातारी झाली की तेल वर चढतं. ओ-रिंग गेली तर तेल बाहेरच्या बाजूने, इंजिनावर ओघळताना दिसतं. आतलं सील गेलं तर तेल कॅपमध्ये येतं, आणि बाहेरून काही कळत नाही.

तेल स्वतः करंट वाहत नाही, म्हणून काही जण म्हणतात की चालतं. चालत नाही. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटच्या दोन तोंडांमध्ये तेलाचा पापुद्रा जळतो, त्याची काळी कोटिंग होते, आणि ठिणगी अशक्त होते. सेन्सरवाल्या गाडीत प्रकाशाचा सेन्सर असेल तर तो आंधळा होतो. आणि दोन्हीकडे तेल कार्बनची भुकटी धरून ठेवतं, ज्यावर पुढे ओल बसते.

सील बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा, नाहीतर नवं सीलही वर्षभरात गळेल. एक, रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. फिरताना जो किंचित ढिला वाटतो तो वेगळा, पण आडवा खडखड हलत असेल तर तो ज्यात फिरतो ते बुश झिजलंय. मग पॉइंटची फट दर फेरीला बदलते, रोटर एखाद्या टर्मिनलला घासू लागतो आणि सील कधीच नीट बसत नाही. दोन, इंजिनाच्या पोटातली (क्रँककेसमधली) हवा आणि वाफा बाहेर काढणारा ब्रीदर आणि त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो चोक झाला की क्रँककेसमधला दाब वाट शोधतो आणि कमकुवत सीलमधून तेल वर ढकलतो. मला हे दुसरं कारण फार उशिरा कळलं. ब्रीदरचा पाइप पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून लावला आणि ओला होणारा डिस्ट्रिब्युटर कोरडा राहू लागला. सील तेच जुनं होतं.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावा लागला तर रोटर कुठे बघतोय आणि बॉडी कुठल्या कोनात आहे, दोन्हींच्या खुणा रंगाने करून ठेवा, आणि तो बाहेर असताना इंजिन फिरवू नका. परत बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग बघावंच लागतं. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी पहिल्यांदा जाणकाराला बरोबर घ्यावं.

काही वेळा दोष आपल्याच हाताचा असतो. पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या उंचवट्यांना, म्हणजे कॅमला, ग्रीस लावायचं असतं ते बोटाच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढं, आणि रोटरखालच्या नमद्यात तेल एक-दोन थेंब. मायेने जास्त लावलं की ते फिरताना उडून पॉइंटवर जातं.

प्लग तुम्हाला गुन्हेगार वाटत नाहीत, पण असतात

नवी कॅप, नवा रोटर, पाण्याची वाट बंद, तरी दर पावसाळी दिवशी कुठून तरी ठिणगी बाहेर. असं असेल तर प्लग काढून फट मोजा. पॉइंटवाल्या गाड्यांत ती साधारण ०.६ ते ०.८ मिमी असते. प्लग झिजत जातात तशी ती वाढते, आणि फट वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात. कॉइल तेवढे व्होल्ट चढवते, आणि ते चढलेले व्होल्ट कॅपमधली सगळ्यात कच्ची जागा शोधून काढतात. चढावर गाडी जास्त मिसिंग मारते तेही यामुळेच, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की तीच फट ओलांडायला आणखी जोर लागतो. झिजलेल्या प्लगसकट नवी कॅप बसवणं म्हणजे तुंबलेल्या नळाला नवी पाइप जोडण्यासारखं आहे.

वायरीही तशाच. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रेझिस्टन्स लांबीप्रमाणे हजारो ओहम असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. एकच वायर बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दाखवत असेल तर ती आतून तुटत आली आहे. बूट उलटून आत बघा. आत हिरवं दिसलं तर पाणी तिथपर्यंत पोचलं होतं.

परत बसवताना काय लावायचं, काय नाही

कॅप आतून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. चिकट घाण असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा आणि पूर्ण उडून जाऊ द्या. ब्रेक क्लीनर काही प्लास्टिकला खातो, ते नको. टर्मिनलवरची भुकटी थोडी असेल तर हलक्या हाताने खरवडा, पण रोटरचं टोक कानसने घासून चकचकीत करायला जाऊ नका. तिथला धातू कमी झाला की मधली फट वाढते. खूप खाल्लेलं असेल तर रोटरच बदला. मधली कार्बनची कांडी दाबून बघा, स्प्रिंगवर उसळून परत आली पाहिजे. सुकवायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो.

पाणी हटवणारा स्प्रे, म्हणजे डब्ल्यूडी-४० वगैरे. हे १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न' असा आहे. रस्त्यात अडकलात तर कॅपवर, वायरींवर मारा, गाडी बहुधा सुरू होईल. पण मारल्याबरोबर सेल्फ मारू नका. त्याची वाफ पेट घेते. कॅपच्या आत वाफ कोंडलेली असताना पहिली ठिणगी पडली तर कॅप फुटू शकते. मागे राहणारा तेलकट पापुद्रा धूळ धरतो, म्हणून घरी आल्यावर तो पुसून काढा. दर सकाळी स्प्रे मारून कामाला जाणारे लोक मी पाहिले आहेत. ते दुरुस्ती करत नाहीत, हप्ते भरत असतात.

सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस वायरीच्या बुटाच्या आतल्या कडेला लावा, पातळ गोल कड्यासारखं. ते पाण्याला अडवतं, पण करंटही वाहत नाही. त्याच कारणाने धातूच्या तोंडावर त्याचा गोळा ठेवू नका. कॅप आणि बॉडीच्या मध्ये मुळात गॅस्केट असेल तर नवं घाला, नसेल तर स्वतःच्या मनाने काही शोधू नका. सीलंट अजिबात नको. त्यातही सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार तर बिलकुल नाही, कारण तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो आणि टर्मिनलला तेही खातं. सिलिका जेलची पुडी आत टाकण्याची कल्पनाही काहींना सुचते. आत रोटर फिरतो, एवढंच सांगतो.

कॅप बसवताना खालच्या खाचेत नीट बसली का ते बघा. एक क्लिप लागली आणि दुसरी जेमतेम अडकली, असं असेल तर कॅप तिरकी बसलेली असते आणि रोटर ती आतून फोडतो. सगळं झाल्यावर काचेच्या पायथ्याशी पुन्हा दोन-तीन मग पाणी ओता आणि रात्री पुन्हा अंधारात तुषार मारून बघा. मिसिंग असताना गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, आणि तिथे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो तापून खराब होतो.

मग महिन्याभराने एकदा कॅप उघडून बघा. आत कोरडी राखाडी धूळ असेल तर ती पुसा आणि कॅप लावून टाका. ओलसर काळं दिसलं तर पाण्याची एखादी वाट राहिली आहे, तेलकट दिसलं तर ब्रीदरकडे जा. आणि पांढरी-हिरवी भुकटी परत आली असेल तर टॉर्च घेऊन त्या हवेच्या भोकाकडे पुन्हा बघा. माझ्या तिसऱ्या कॅपच्या भोकात एका कोळ्याने घर केलं होतं.